सनद सांभाळायची तर: जिल्हा-तालुका कोर्टातल्या वकिलांसाठी फाइल, पैसा आणि मुदत यांची शिस्त

दावा हरला म्हणून वकिलाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जात नाही. प्रामाणिकपणे दिलेला सल्ला चुकला म्हणूनही सहसा जात नाही. पुण्यातल्या वकिलांविरुद्धच्या पांडुरंग दत्तात्रय खांडेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच ही रेघ ओढून दिली आहे. चुकीचा सल्ला वेगळा आणि अयोग्य सल्ला वेगळा, आणि नैतिक खोट नसलेला निव्वळ निष्काळजीपणा म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे. प्रश्न एवढाच उरतो की आपली चूक प्रामाणिक होती हे चार-पाच वर्षांनी दाखवायचे कशावरून? पक्षकाराला त्याची बाजू तोंडपाठ असते. आपल्याकडे फाइल असते, आणि त्या फाइलमध्ये जे कागद नाहीत ते सगळे आपल्या विरुद्ध बोलतात. खालचे सगळे त्या दिवसासाठी फाइल तयार ठेवण्याबद्दल आहे.

तक्रार कुठे कुठे जाऊ शकते

पहिली जागा बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणारी संस्था. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल तक्रारीवरून किंवा स्वतःहून प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवू शकते. समिती तिघांची असते. तिच्या हातात चार गोष्टी आहेत: तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठराविक काळासाठी निलंबन आणि वकिलांच्या यादीतून (रोलवरून) नाव काढणे. 'व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन' असे कायद्याचे शब्द आहेत, म्हणजे कोर्टाबाहेरचे वागणेही त्यात येते.

दुसरी जागा दिवाणी कोर्ट. निष्काळजीपणामुळे नुकसान झाले म्हणून पक्षकार भरपाईचा दावा लावू शकतो. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तिसरी जागा फौजदारी: पक्षकाराचे पैसे वापरले तर विश्वासघात, खोटे कागद केले तर फसवणूक आणि बनावटीकरण. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र आता बंद आहे. डी. के. गांधी प्रकरणात १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला. त्या निकालानंतर काही बाररूममध्ये 'आता आपल्याला कोणी विचारू शकत नाही' असा सूर निघाला. तो चुकीचा आहे. एक दार बंद झाले, बाकीची उघडीच आहेत.

वकीलपत्रावर सही घेण्याआधी

वाटपाचा दावा घ्या. ऑफिसात चौघे येतात: दोन भाऊ, आई आणि लग्न झालेली बहीण. बोलतो थोरला, फी देतो थोरला. बहीण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दाखवाल तिथे सही करते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हिस्सा भावाइतकाच आहे. भावांच्या डोक्यात हक्कसोडपत्र असेल तर तिचे आणि त्यांचे हित एका बाजूला राहतच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम १९ सांगतो की सूचना फक्त पक्षकाराकडून किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाकडून घ्यायच्या. फी कोणी दिली याला तिथे किंमत नाही. पाच वर्षांनी हीच बहीण 'वकिलांनी मला काहीच सांगितले नाही, दादाने सांगितले म्हणून सही केली' असे म्हणत येते, आणि बहुधा ती खरेच बोलत असते.

म्हणून अशा कुटुंबात प्रत्येकाशी, निदान ज्याचा हक्क कमी होणार आहे त्याच्याशी, एकट्याने दहा मिनिटे बोलावे. तिचा हिस्सा किती होतो ते आकड्यात सांगावे. एका कागदावर मराठीत चार ओळी घ्याव्यात: माझा हिस्सा अमुक आहे हे मला समजावून सांगितले, तो मी घेणार आहे किंवा सोडणार आहे, हा निर्णय माझा आहे. खाली तारीख आणि सही. अंगठा असेल तर तिच्या माहितीतल्या पण ज्याला त्यातून लाभ नाही अशा माणसाची ओळख. बोलताना तिचा कल वेगळा दिसला तर तिचे वकीलपत्र घेऊ नये, तिला दुसऱ्या वकिलाकडे पाठवावे. तिला सल्ला देऊन बसलात, तिची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) तयार केलीत आणि नंतर भावांकडून तिच्या विरुद्ध उभे राहिलात, तर नियम ३३ लागलाच. ज्याला सल्ला दिला, ज्याचे प्लीडिंग (कोर्टात द्यायचे लेखी म्हणणे) केले, त्याच्या विरुद्ध पक्षाकडून त्याच प्रकरणात उभे राहता येत नाही.

हा नियम नुसता सल्ला विचारून गेलेल्या माणसालाही लागू होतो, आणि नेमके तेच लक्षात राहत नाही. त्यासाठी एक रजिस्टर ठेवा, वही चालेल, एक्सेल चालेल. रकाने असे: नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, समोरची पार्टी, भेटीची तारीख, वकीलपत्र घेतले की नाही. गट नंबरचा रकाना सोडू नका. एका गावात एकाच आडनावाची चाळीस घरे असतात, नावावरून काही कळत नाही; गट नंबर टाकला की तीन वर्षांपूर्वी याच जमिनीसाठी समोरचा माणूस आपल्याकडे येऊन गेला होता हे लगेच दिसते.

आणखी एक खास तालुक्याची भानगड. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात ओळख पटवायला किंवा साक्षीदार म्हणून वकिलाची सही सर्रास घेतात. त्याच खरेदीखतावर किंवा मृत्युपत्रावर पुढे वाद झाला तर आपण साक्षीदार होणार हे उघड आहे, आणि नियम १३ प्रमाणे ज्या प्रकरणात साक्ष द्यावी लागेल असे दिसते ते घ्यायचे नसते. दस्त कोणाचा हे पाहून मगच सही करावी.

फीचे पत्र

एक पान पुरे, मराठीत, दोन प्रती. त्यात काय असावे: कोणत्या कोर्टातले कोणते प्रकरण, फी कोणत्या टप्प्यापर्यंतची (मूळ दावा, की अपील आणि दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी, धरून), हप्ते, कोर्ट फी, नकला, टंकलेखन, कोर्ट कमिशन, प्रवास हा खर्च फीच्या बाहेर की आत, तारखेला ज्युनिअर उभा राहू शकतो की नाही, पक्षकाराने कोणते कागद कधी आणून द्यायचे. पत्ता आधारवरचा घ्या आणि फोन नंबर दोन घ्या, एक घरच्या दुसऱ्या माणसाचा. त्याचा उपयोग पुढे प्रकरण सोडताना कळेल.

'भरपाईतले वीस टक्के' ही पद्धत मोटार अपघात आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत इतकी मुरली आहे की ती निषिद्ध आहे हेच अनेकांना आठवत नाही. नियम २० निकालावर अवलंबून फी घ्यायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला स्पष्ट मनाई करतो. तेलंगणातल्या एका मोटार अपघात प्रकरणात वकिलाने अशा टक्केवारीच्या फीसाठी दहा लाखांचा चेक घेतला, तो न वटल्यावर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ ची तक्रार केली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रारच रद्द केली. टक्केवारीचा करार लेखी केला तर तो वकिलाविरुद्धचा पुरावा होतो, तोंडी केला तर भांडण होते. ठराविक रक्कम ठरवा, टप्प्यांत घ्या.

पक्षकाराचा पैसा

या एका विषयावर समिती आणि सर्वोच्च न्यायालय दोघेही दयामाया दाखवत नाहीत. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात वकिलाने भूसंपादनाची ८,११८ रुपयांची भरपाई कोर्टातून काढली आणि पक्षकाराला दिली नाही. वर तडजोड झाल्याचे खोटे प्रतिज्ञापत्र दाखल केले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नाव रोलवरून काढायला लावले. रक्कम लहान होती हा बचाव चालला नाही.

नियम २५ ते ३२ वाचायला दहा मिनिटे लागतात. व्यवहारात त्यांचा अर्थ असा. पक्षकाराने ₹२५,००० दिले तर पावतीवर नुसते '₹२५,००० मिळाले' लिहू नका. फी ₹१५,०००, कोर्ट फी ₹६,०००, नकला-टंकलेखन-प्रोसेस ₹४,००० असे फोडून लिहा. नोंद करतानाच पैसा फीचा की खर्चाचा हे दिसले पाहिजे, आणि प्रकरण चालू असताना खर्चाच्या पैशातून फी वळवायची तर पक्षकाराची लेखी संमती लागते. कोर्ट फी अपेक्षेपेक्षा ₹१,५०० कमी लागली म्हणून ते परस्पर फीत धरले, की नियम २६ मोडला. प्रकरण संपल्यावर शिल्लक रकमेतून ठरलेली फी वळती करता येते. फी ठरलीच नसेल तर कोर्टाच्या नियमांप्रमाणे होणारी फी तेवढीच, बाकी परत.

प्रत्येक फाइलच्या आतल्या बाजूला एक खातेपान चिकटवून ठेवा: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक, पक्षकाराची सही. पक्षकाराने हिशेब मागितला तर नकलेचा खर्च घेऊन तो द्यावाच लागतो. पान तयार असेल तर झेरॉक्स काढून पाच मिनिटांत काम होते. नसेल तर आठवून लिहिलेला हिशेब, आणि आठवून लिहिलेला हिशेब उलटतपासात टिकत नाही.

पक्षकारांच्या पैशासाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे. नियमात तसे शब्द नाहीत, तरी घरखर्चाच्या खात्यात आलेली भरपाई आणि मुलाच्या कॉलेजची फी एकाच पासबुकात शेजारी शेजारी दिसली की समितीपुढे सांगायला काही उरत नाही. त्याहून बरे म्हणजे भरपाई थेट पक्षकाराच्या खात्यात जमा व्हावी असाच अर्ज द्यावा. तुमच्याकडे रक्कम आलीच तर लगेच लेखी कळवावे; व्हॉट्सअ‍ॅप केले तरी सोबत पोस्टाने पत्र. आणि पक्षकाराकडून उसने घेऊ नये, त्याला दाव्यासाठी उसने देऊ नये, त्याचा जामीनदार होऊ नये. या तिन्ही गोष्टी 'आपलेच आहेत' म्हणून होतात.

मुदतीची डायरी

तारखा चुकत नाहीत, कारण तारखा बोर्डावर येतात. मुदती चुकतात, कारण त्या कुठेच लावलेल्या नसतात. म्हणून कोर्टाच्या तारखांची डायरी आणि मुदतीची डायरी वेगळी हवी. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दिसणारी पुढची तारीख सोयीची आहे, पण शंका आली की रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या प्रकरणातली कामकाजाची नोंद, पाहावा.

न वटलेल्या चेकच्या प्रकरणाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे तीन मुदती एकामागून एक येतात. बँकेचा रिटर्न मेमो पक्षकाराला ३ मार्चला मिळाला. तो दिवस सोडून ३० दिवस मोजायचे, म्हणजे २ एप्रिलपर्यंत नोटीस गेली पाहिजे. नोटीस आरोपीला १० एप्रिलला मिळाली. पैसे द्यायला १५ दिवस: २५ एप्रिल संपला. २६ एप्रिलला तक्रारीचे कारण घडले. तिथून एक महिना, कारण घडले तो दिवस वगळून; शेवटचा दिवस २६ मे. मुदत महिन्याची आहे, ३० दिवसांची नाही, हे ध्यानात ठेवा. डायरीत २६ मे लिहायचा नाही. २६ एप्रिलला 'तक्रार तयार' आणि १० मेला 'दाखल' असे लिहायचे. मे महिना कोर्टाच्या सुट्टीचा असतो आणि पक्षकार लग्नसराईत असतो. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो अर्ज करताना उशिराचे कारण म्हणून आपलेच नाव लिहावे लागते.

यात गडबड होते ती पहिल्याच पायरीला. पक्षकार मेमोवरची तारीख सांगतो, बँकेने कळवल्याची नाही; किंवा चेक दोनदा भरलेला असतो आणि तो पहिल्या वेळेची पावती आणतो. मेमो स्वतः पाहा, झेरॉक्स फाइलला लावा, वर पेनाने 'मिळाला ३ मार्च' लिहून पक्षकाराची सही घ्या. नोटिशीची पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचे पान त्याच आठवड्यात छापून ठेवा. ट्रॅकिंग नंतर वेबसाइटवरून निघून जाते.

कैफियतीची मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्टाच्या परवानगीने ९०. कमर्शिअल दाव्यात १२० व्या दिवसानंतर कैफियत दाखल करायचा हक्कच जातो. जिल्हा न्यायालयातले अपील ३० दिवस, उच्च न्यायालयातले पहिले अपील ९०. सरकारविरुद्ध दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, सहकारी संस्थेच्या कारभाराबद्दल असेल तर सहकार कायद्याच्या कलम १६४ ची. हा तक्ता छापून कारकुनाच्या टेबलावर काचेखाली ठेवा, कारण पक्षकार पहिल्यांदा त्याच्याशीच बोलतो.

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा, पक्षकाराचे अपील करायचे ठरले असो वा नसो. नकलेच्या पाठीमागे शिक्का असतो: अर्ज केला, नक्कल तयार झाली, नक्कल दिली. मुदतीतून वजा होतो तो पहिल्या दोन तारखांमधला काळ. नक्कल तयार होऊन तुम्ही पंधरा दिवसांनी उचलली तर ते पंधरा दिवस तुमचे गेले. निकाल विरुद्ध गेला की त्याच आठवड्यात पक्षकाराला पत्र पाठवा: निकाल काय, अपील कुठे, शेवटची तारीख कोणती, फी वेगळी लागेल. 'सांगितले होते' हे वाक्य पुराव्याच्या कामाचे नाही.

टायटल रिपोर्ट

टायटल रिपोर्ट म्हणजे तारण मिळकतीची मालकी तपासून बँकेला दिलेला अहवाल. बँकांच्या पॅनेलवर असलेल्या वकिलांना सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि फीच्या मानाने तो फारच मोठा आहे. के. नारायण राव प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने पॅनेल वकिलाला कटाच्या खटल्यातून मोकळे केले: नुसते मत चुकले म्हणून तो कटात सामील होता असे धरता येत नाही, त्याने जाणूनबुजून साथ दिल्याचा पुरावा हवा. पण निष्काळजीपणाबद्दल दिवाणी जबाबदारी आणि गैरवर्तनाचा आरोप उरतातच. शिवाय बुडालेल्या कर्जात नाव आले की बँक ते इंडियन बँक्स असोसिएशनच्या सावधगिरीच्या यादीसाठी कळवू शकते, आणि मग बाकीच्या बँकांची पॅनेलही जातात.

रिपोर्टमध्ये काय पाहिले यापेक्षा काय पाहता आले नाही ते जास्त नीट लिहा. तीस वर्षांचा शोध घेतला म्हणताना कोणत्या दुय्यम निबंधक कार्यालयात, कोणत्या वर्षांची सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्तांची सूची) पाहिली, कोणत्या वर्षांची पाने फाटलेली किंवा पुस्तके बांधणीला गेलेली होती, ऑनलाइन शोध कोणत्या तारखेला घेतला, शोधाच्या फीच्या पावतीचा नंबर काय, हे सगळे. सातबारा चालू तारखेचा आणि डिजिटल सहीचा. पण त्यावर थांबू नका. सातबाऱ्यावरचे नाव ज्या फेरफाराने आले तो फेरफार उघडा. 'वारसाने' असे असेल तर मुली वगळल्या आहेत का पाहा. इतर हक्कातल्या जुन्या नोंदी, कुळाची, सोसायटीच्या बोज्याची, वर्ग २ ची (विक्रीवर बंधन असलेल्या जमिनीची), एक एक करून लिहा. खरेदीखत कुलमुखत्यारपत्रावरून झाले असेल तर ते नोंदवलेले आहे का आणि सही झाली त्या दिवशी देणारा हयात होता का, हे विचारा.

अस्सल दस्त पाहिला की फोटोप्रत पाहिली हे प्रत्येक दस्तापुढे लिहावे. कर्ज काढून देणारा एजंट घाई करतो, 'साहेब, फॉरमॅट आहे, फक्त सही' म्हणतो. त्याने आणलेली नक्कल कधीही वापरू नये. नक्कल आपल्या कारकुनाने आपल्या अर्जावर काढलेली असावी. बनावट सूची क्रमांक २ ची प्रकरणे याच वाटेने घडतात.

काही छोट्या गोष्टी, ज्या छोट्या नाहीत

पक्षकाराने सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि ते कारकून व नोकरांनाही लागते. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कैफियतीचा मसुदा टाकणे म्हणजे समोरच्या पार्टीलाच पाठवणे, कारण त्या ग्रुपात एखादा मामा दोन्हीकडचा असतो. संरक्षण बेकायदेशीर हेतूसाठी केलेल्या बोलण्याला नाही हेही पक्षकाराला सांगून ठेवा.

जाहिरात: नियम ३६. पाटी बेताची. वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ई-मेल, नोंदणी क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे, एवढेच; २००८ च्या दुरुस्तीने एवढी मुभा दिली. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या आवारात अशिलांसाठी झोंबाझोंबी करणाऱ्या वकिलांचे दाभोलकर प्रकरण सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. आज तीच झोंबाझोंबी रीलवर होते. 'जामीन २४ तासांत' असे लिहिलेले पोस्टर स्क्रीनशॉट होऊन तक्रारीला जोडले जाते.

नोटरीचे काम करत असाल तर समोर माणूस नसताना शिक्का मारू नका, आणि प्रतिज्ञापत्रावर लग्न लावणे किंवा मोडणे या भानगडीत पडू नका. नोटरीपुढे लग्नही होत नाही आणि घटस्फोटही.

निवाडे मूळ वेबसाइटवरून किंवा रिपोर्टरमधून उघडून, पूर्ण वाचून दाखल करावेत. एआयने लिहून दिलेल्या मसुद्यात अस्तित्वात नसलेले निवाडे येतात. कोर्टापुढे तो तुमचाच मसुदा असतो.

तडजोड

तडजोडीच्या पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) वकिलाची एकट्याची सही कधीही पुरेशी मानू नका, वकीलपत्रात तसा अधिकार छापलेला असला तरी. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हिमालयन सोसायटी प्रकरणात सांगितले की स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने पक्षकाराचा हक्क सोडणारी कबुली देऊ नये. पुरसिस मराठीत असावी, प्रत्येक पक्षकाराला वाचून दाखवावी, प्रत्येक पानावर सही. रक्कम, तारीख, जमिनीच्या चतुःसीमा, खर्च कोणाचा हे सुटे सुटे. समोरच्या पार्टीला वकील असेल तर तिच्याशी परस्पर बोलू नये, ती स्वतः चहाच्या टपरीवर गाठून बोलायला आली तरी. 'तुमच्या वकिलांना घेऊन या' एवढेच उत्तर.

प्रकरण सोडताना

पक्षकार फिरकत नाही, फोन उचलत नाही, फी थकली. सरळ 'नो इन्स्ट्रक्शन' पुरसिस टाकून मोकळे होण्याची सवय आहे. ती धोक्याची आहे. नियम १२ पुरेसे कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना मागतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीनेच संपते. क्रम असा ठेवा: आधारवरच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र, त्यात पुढची तारीख, कोणत्या टप्प्यावर प्रकरण आहे आणि अमुक दिवसांत आला नाहीत तर परवानगी मागणार हे लिहिलेले, तेच दोन्ही नंबरवर, मग पोचपावती जोडून परवानगीचा अर्ज, आणि पक्षकाराला कोर्टाने नोटीस काढावी अशी विनंती त्याच अर्जात. मलकियत सिंग प्रकरणात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: वकिलाने सूचना नाहीत म्हणून माघार घेतली तर पक्षकाराला नोटीस जायला हवी. न कमावलेली फी परत करायची असते, हे नियमातच आहे.

फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना प्रकरणात (२०००) हे पक्के झाले. थकलेल्या फीसाठी दिवाणी दावा आहे. फाइल परत द्यावीच लागते. नव्या वकिलासाठी ना-हरकत देतानाही फीचा हिशेब वेगळ्या पत्रात मांडा, ना-हरकत त्यासाठी रोखू नका. कागद देताना दोन प्रतींत यादी करा, अस्सल कोणते आणि झेरॉक्स कोणती हे लिहा, नव्या वकिलाची किंवा पक्षकाराची सही घ्या, आणि फाइलची एक स्कॅन प्रत स्वतःकडे ठेवा. तक्रार आली तर नेमकी तीच लागते.

मुदत हुकली तर

आधी पुन्हा मोजा. नकलेचे दिवस वजा करून, शेवटचा दिवस सुट्टीचा होता का पाहून, बरेचदा दोन-चार दिवस हातात निघतात. खरेच हुकली असेल तर त्याच दिवशी पक्षकाराला सांगा आणि दुसऱ्या दिवशी लेखी कळवा. उशीर माफीचा अर्ज मुदत कायद्याच्या कलम ५ खाली. तो अपिलाला आणि बहुतेक अर्जांना चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. चूक ऑफिसची असेल तर प्रतिज्ञापत्र वकिलाने किंवा कारकुनाने करावे. पक्षकार आजारी होता असे खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडू नका. उशीर ही चूक आहे. ते प्रमाणपत्र जोडले की ते गैरवर्तन होते, आणि पक्षकारालाही तुम्ही त्यात ओढले. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा पक्षकाराला नको असे रफिक प्रकरणात (१९८१) म्हटले आहे, पण अलीकडे कोर्टे त्यावर सरसकट विसंबून राहू देत नाहीत. पक्षकाराला दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्यायचा असेल तर घेऊ द्या, फाइल द्या.

विमा असेल तर विमा कंपनीला याच टप्प्यावर कळवा, 'भरपाई देतो' असे लिहून देण्याआधी. व्यावसायिक जबाबदारीचा विमा आपल्याकडे सक्तीचा नाही. घेताना तीन गोष्टी पाहा: दावा पॉलिसीच्या काळात आला पाहिजे अशा पद्धतीची ती असते, म्हणून मागच्या कामासाठी कोणत्या तारखेपासून संरक्षण आहे, एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगवेगळी किती, वकिलाचा बचावाचा खर्च त्या मर्यादेच्या आत धरला आहे का. मध्ये एक वर्ष नूतनीकरण चुकले तर मागची तारीख जाते. अप्रामाणिकपणा, दंड आणि फौजदारी शिक्षा कोणतीही पॉलिसी भरून देत नाही.

बार कौन्सिलची नोटीस आली तर

पाकीट उघडल्याची तारीख वर लिहा. उत्तरात तक्रारदाराच्या स्वभावावर काही लिहू नका. तारखांचा तक्ता, खातेपान, पत्रांच्या पोचपावत्या, रोजनाम्याच्या नकला असे जोडून परिच्छेदवार उत्तर द्या आणि एक वकील नेमा, स्वतः लढू नका. तक्रारदार तुमचा पक्षकार नसून समोरच्या पार्टीतला असेल तर तो मुद्दा सुरुवातीलाच घ्या. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्याच दोन प्रकरणांत अशा तक्रारींवर कडक ताशेरे ओढले, आणि प्रतिज्ञापत्रावर नुसती ओळख पटवणारा वकील त्यातल्या मजकुराला जबाबदार होत नाही असेही सांगितले.

तक्रारदाराशी मिटवून टाकले की संपले, असे समजू नका. तक्रार मागे घेतली किंवा तडजोड झाली एवढ्याच कारणाने प्रकरण बंद होत नाही, हे नियमातच लिहिले आहे. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी चालते. एक वर्षात निकाली निघाले नाही तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते, म्हणजे दिल्लीच्या फेऱ्या. तारखा मागत बसण्यात फायदा नाही. आदेश विरुद्ध गेला तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवसांत अपील, तिथून सर्वोच्च न्यायालयात पुन्हा ६० दिवस. नुसते अपील केल्याने निलंबन थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत वकीलपत्रावर, नोटिशीवर किंवा टायटल रिपोर्टवर सही करू नका, आणि चालू फाइली पक्षकारांच्या लेखी संमतीने दुसऱ्या वकिलाकडे यादीसह सोपवा.